चार खोल्यांचे सामान दोन खोल्यांत: माळा रिकामा कसा करावा?

माळ्याखाली

नमस्कार. आमची कोथरूडमधील सोसायटी १९७८ सालची. ती आता पुनर्विकासाला गेली असून येत्या दोन महिन्यांत आम्हाला घर रिकामे करून द्यायचे आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे विकसकाच्या म्हणण्यानुसार तीन वर्षे आणि अनुभवी शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार पाच, आम्ही जवळच दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहणार आहोत. सध्या आमच्याकडे चार खोल्या, दोन माळे, काचा लावून बंद केलेली एक गॅलरी आणि जिन्याखालची, सोसायटीने आजवर कानाडोळा केलेली जागा एवढा पसारा आहे, आणि तो सगळा गच्च भरलेला आहे.

घरात आम्ही तिघे आहोत: यजमान, मी आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. मुलगी बंगळुरूला असते. तिने व्हिडिओ कॉलवर माळा पाहिला, "आई, डोळे मिटून सगळं देऊन टाक" असे सांगितले आणि फोन ठेवला. डोळे मिटले तर शिडीवरून पडेन, हे तिला सांगायचे राहून गेले.

गेल्या रविवारी मी पहिल्या माळ्याची मोजदाद केली. श्रीखंडाचे रिकामे डबे ३१ निघाले, त्यांपैकी झाकण बसणारे १९. तांब्या-पितळेची भांडी ४१. त्यांत एक बंब, दोन घंगाळे, पराती, तपेली, कळश्या आणि आता ज्यांची नावेही मला सांगता येत नाहीत अशी काही. माझ्या रुखवतातला मण्यांचा हत्ती, ज्याची सोंड १९९४ मध्येच तुटली होती. दिवाळी अंकांचे १९७९ पासूनचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले, प्रत्येकावर सासऱ्यांच्या अक्षरात वर्ष घातलेले. कागदांनी भरलेल्या दोन ट्रंका, बंद पडलेले तीन मिक्सर, एक डबा टीव्ही, जरीच्या साड्यांचे एक बोचके आणि एका सुटकेसमध्ये नुसते ब्लाउजपीस. ते मोजण्याचे धैर्य झाले नाही.

अडचण जागेची आहे, त्याहून अधिक सासूबाईंची आहे. कोणतीही वस्तू खाली काढली की त्या "राहू दे, लागेल" एवढेच म्हणतात. त्या भांडत नाहीत, रागावत नाहीत, पण त्या दिवशी त्यांचे जेवण कमी होते. लग्न होऊन दोन महिने झाले असताना त्यांचे नारायण पेठेतील पहिले घर पानशेतच्या पुरात गेले, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. त्या स्वतः मात्र त्याविषयी फारसे बोलत नाहीत. त्यांचे मन न दुखावता हे काम कसे करावे, सुरुवात कोठून करावी, आणि भांडी, अंक व कागद यांचे नेमके काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार उपकार होतील.

शिडीवाली

ताई, दोन वर्षांपूर्वी मी याच चक्रातून गेले आहे, म्हणून सुरुवातीविषयी तेवढे सांगते. ज्या वस्तूंना कोणीच मालक नाही त्यांपासून आरंभ करावा. कालबाह्य औषधे, कोणत्या उपकरणाच्या आहेत हे घरात कोणालाच सांगता येत नाही अशा वायरी आणि चार्जर, पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या, मिठाईची खोकी, विझलेले ट्यूबलाइट. यांच्यासाठी कोणाचेही जेवण कमी होत नाही, आणि पहिल्या आठवड्यातच एक कोपरा मोकळा दिसू लागतो. जुना पाऱ्याचा थर्मामीटर सापडल्यास तो कचऱ्यात फेकू नये आणि फुटू देऊ नये.

मिक्सर आणि टीव्ही भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. तांबे काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, आणि जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसे असते. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत ई-कचरा व जुने सामान देता येते. आपल्या दारात रोज येणाऱ्या ताईंनाच विचारावे, त्या अचूक सांगतात.

दुसरी गोष्ट: सासूबाईंच्या वस्तूंना त्यांच्या माघारी हात लावू नका. माझ्या आईची लाकडी फणी मी "ही कशाला हवी" म्हणून परस्पर टाकली होती. ती तिने दुसऱ्याच दिवशी मागितली, त्यानंतर महिनाभर घरातली प्रत्येक न सापडणारी वस्तू मीच टाकली असे ठरत गेले, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू तिच्याच कपाटात होत्या.

निवृत्त_रोखपाल

मी ३४ वर्षे बँकेत काढली, त्यामुळे ट्रंकांविषयी लिहितो. भांड्यांतले मला काही कळत नाही.

कागदांच्या ट्रंका रद्दीवाला दारात उभा असताना कधीही उघडू नयेत. एका निवांत दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरावी आणि एकेक कागद उलटून पाहावा, कारण त्या काळातील माणसे महत्त्वाचा कागद बिनमहत्त्वाच्या कागदात गुंडाळून ठेवीत. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत विजेच्या १९८६ सालच्या बिलांचा गठ्ठा होता. तो बाजूला सारणार तोच मधून एका कंपनीचे समभाग प्रमाणपत्र घसरून खाली पडले. दर्शनी किंमत ५०० रुपये. मधल्या काळात त्यावर बक्षीस समभाग मिळत गेले होते आणि लाभांश कोणीच उचलला नव्हता.

आपल्याकडे असे काही निघाल्यास हे लक्षात ठेवावे. १ एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांचे कागदी समभाग विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, ते आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, करावे लागतात. मात्र मृत व्यक्तीचे समभाग वारसाच्या नावे करण्याची प्रक्रिया वेगळी असून ती चालू आहे. सलग सात वर्षे लाभांश उचललेला नसेल, तर तो आणि त्यासोबत ते समभागही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असण्याची शक्यता असते; तेथूनही अर्ज करून ते परत मागता येतात. काम किचकट आहे, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे लागतात, परंतु हक्क बुडत नाही. जुनी पासबुके आणि मुदत ठेवीच्या पावत्या यांचेही तसेच. दहा वर्षे हालचाल नसलेल्या खात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते, तरी आपली बँक ती खातेदाराला किंवा वारसाला देण्यास बांधील असते. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे, त्यावर नाव घालून अनेक बँकांमधील अशा ठेवींचा शोध एकाच ठिकाणी घेता येतो.

साड्यांच्या घड्याही झटकून पाहाव्यात. नोव्हेंबर २०१६ पूर्वीच्या पाचशे आणि हजाराच्या नोटा अजूनही बायकांच्या साड्यांत निघतात. त्या आता बदलून मिळत नाहीत, आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहांपेक्षा अधिक नोटा जवळ बाळगणे दंडास पात्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आठवण म्हणून एखाददुसरी ठेवण्यास हरकत नाही.

काय टाकावे, असे विचाराल तर वीज आणि टेलिफोनची बिले, मिटलेल्या कर्जांचे हप्त्यांचे तक्ते, वस्तूच घरात उरली नाही तिचे हमीपत्र, हे सर्व खुशाल जाऊ द्यावे. घराचा करारनामा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, जमिनीचे उतारे, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला आणि निवृत्तिवेतनाचे आदेश यांना मात्र हात लावू नये. पुनर्विकासाच्या वेळी तर सोसायटीचे मूळ भागप्रमाणपत्र जवळ असावेच लागते. कर्ज फिटले असेल तर कर्जाचे बाकी कागद गेले तरी चालतील, पण बँकेने दिलेला 'बाकी नाही' असा दाखला घराच्या कागदांसोबत लावून ठेवावा.

मोडी लिपीतील कागद निघाले आणि घरात ते कोणालाच वाचता येत नसले, तरी रद्दीत घालू नयेत. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्याच गावात, सदाशिव पेठेत आहे. तेथे दाखवून घ्यावेत.

कथील_नवसागर

आमचे आजोळ कसब्यातील तांबट आळीच्या तोंडाशी. लहानपणीची प्रत्येक दुपार मठारकामाच्या, म्हणजे भांडी ठोकून घडवण्याच्या, ठोक्यांत गेली आहे, त्यामुळे भांड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही.

सर्वप्रथम ४१ भांडी जमिनीवर मांडून धातूप्रमाणे वेगळी करा. तांबे लालसर असते, ते ओळखता येईल. गोंधळ होतो तो पितळ आणि काशात. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे. काळवंडलेली असताना दोन्ही सारखीच दिसतात. वाटी तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. काशाचा नाद घंटेसारखा लांबत जातो, पितळेचा लगेच बसतो. पितळ पडले तर पोचा येतो, कासे पडले तर तडकते. हा फरक माहीत असावा, कारण मोडीत देताना कासे पितळेच्या भावात निघून जाते आणि घेणारा ते सांगत नाही. तळपायाला तूप चोळण्याची काशाची वाटी निघाली तर ती देऊच नका. उन्हाळ्यात सासूबाईंना तिचा उपयोग होईल.

आता ठेवायचे काय? माझे मत थोडे कठोर आहे. जे भांडे वर्षातून एकदाही चुलीवर चढणार नाही आणि पूजेत लागणार नाही, ते 'परंपरा' म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करायचा तर आतून कल्हई हवी, नाहीतर आमटी, ताक, चिंचेचे सार, सगळे आंबट पदार्थ कळकतात. कल्हई म्हणजे काय, तर भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, वर कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून झरझर पसरवायचे. पांढरा धूर उठतो आणि काळे भांडे डोळ्यांदेखत चांदीसारखे होते. पण हे वापराप्रमाणे पुन्हापुन्हा करावे लागते, आणि दारोदार फिरणारे कल्हईवाले आता क्वचितच दिसतात. तेवढी दगदग ज्या दोन-तीन भांड्यांसाठी आनंदाने कराल, तेवढीच ठेवावीत.

मोड देताना दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. बंबाचा नळ, लोखंडी कड्या आणि जाळी आधी काढून घ्यावी, कारण ती वजनातून वजा करताना नेहमीच अंदाजाने आणि आपल्या तोट्यात वजा होते. वजन आपल्यासमोर व्हावे. ज्यांवर नाव आणि साल कोरलेले आहे अशा भांड्यांचे, मोडीत घालण्यापूर्वी, त्या अक्षरांचे जवळून छायाचित्र घ्यावे. कोणाच्या लग्नात कोणी काय दिले याची तीच एकमेव नोंद पुष्कळ घरांत उरलेली असते.

एक अवांतर. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, पेटारे अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले. पुढे तो सगळा संग्रह त्यांनी राज्य शासनाला देऊन टाकला. शुक्रवार पेठेतील त्या संग्रहालयात सासूबाईंना एकदा घेऊन जा. आमच्या आजीने तेथे काचेमागे आपल्या घरातल्यासारखीच विळी पाहिली, घरी येऊन आपली विळी धुणेवालीला दिली आणि म्हणाली, "एक तिकडे आहे, ती पुरे."

जरीच्या साड्यांविषयी: खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. अशा जुन्या साड्या चांदीसाठी विकत घेणारे व्यापारी असतात आणि ते त्या जाळून चांदी काढतात. हे समजून मग द्यावे. काठ शाबूत असतील तर ते काढून दुसऱ्या साडीला लावता येतात, ते मला अधिक बरे वाटते.

उंबरठा_बाहेरचा

वरील सर्वांचे म्हणणे मान्य करूनही एक विरोधी सूर लावतो. 'कमी वस्तूंत जगणे' ही सध्या एक हौस झाली आहे, आणि या हौसेला बाजाराचा मुळीच विरोध नाही, कारण ज्याने काल घर रिकामे केले तोच उद्याचे गिऱ्हाईक असतो. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी घर असे 'मोकळे' केले की दिवाळीला चकलीचा सोऱ्यासुद्धा नवा आणावा लागला. तो लाकडाच्या रंगाचे चार सारखे डबे आणून त्यांत मोकळेपणा भरून ठेवतो.

आपल्या घरांत वस्तू टाकण्याची रीत नव्हती, पण वस्तू फिरवण्याची होती. नऊवारी विटली की तिची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणे, आणि त्यानंतर चूल सारवण्याचा बोळा. नको असलेले कपडे बोहारणीला जायचे आणि घासाघीस होऊन त्याबदली एक स्टीलचे भांडे घरात यायचे. (हेही खरे की, त्यामुळेच घराघरात इतकी स्टीलची भांडी झाली.) आज वस्तू येण्याचा वेग वाढला आणि फिरण्याची साखळी तुटली, म्हणून माळे भरले. तेव्हा ताई, माळा रिकामा कराच, पण उंबरठ्यावरही कोणीतरी बसवा. ब्लाउजपीसची सुटकेस हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. तो कापडाचा तुकडा कोणीही शिवत नाही. तो ओटीतून ओटीत फिरत राहतो. आमच्या घरातून गेलेला एक मोरपंखी ब्लाउजपीस सात वर्षांनी आमच्याच घरी परत आला. सौ.ने कोपऱ्यावर पेनाने केलेली खूण त्यावर तशीच होती. आम्ही आता हळदीकुंकवाला वाण म्हणून गूळ देतो. संपतो.

आणि कृपा करून नको असलेल्या वस्तू कामवाल्या मावशींच्या गळ्यात मारू नका. त्यांचे घर आपल्या भाड्याच्या घराहूनही लहान असते, आणि नाही म्हणणे त्यांना अवघड जाते. "हवे का?" असे न विचारता "यातले तुम्हाला काय लागते?" असे विचारावे, आणि काहीच लागत नाही असे उत्तर आले तर ते ऐकावे. कपड्यांसाठी 'गूंज'सारख्या संस्था आहेत. तेथे धुतलेले, धडके कपडेच द्यावेत. सुती कापड असेल तर त्याचा उपयोग मासिक पाळीच्या पट्ट्या बनवण्यासाठीही ते करतात.

दिवाळी अंकांविषयी आपण विचारले आहे. मराठीत १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली आणि दर वर्षी शेकडो अंक निघतात, त्यामुळे ग्रंथालयांनाही जागेची आपल्यासारखीच अडचण आहे. गठ्ठे रिक्षात घालून थेट जाऊ नका. अंकाचे नाव आणि वर्ष एवढीच यादी करून आधी दाखवा. त्यांच्याकडे ज्या वर्षांचे अंक नाहीत तेवढेच ते निवडून घेतात. माझे ६० पैकी ७ घेतले गेले. उरलेल्यांतील आवडत्या कथा मी कापून एका फाइलीत लावल्या आणि बाकीचे किलोवर दिले. वाईट वाटले, ते दोन दिवस.

कृष्णाकाठ

मी सांगलीची. भांडी किंवा कागद यांविषयी मला सल्ला द्यायचा नाही, आपण लिहिलेल्या एका ओळीविषयी लिहायचे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या तळमजल्यावर छताखाली हातभर जागा सोडून पाणी होते आणि ते काही दिवस तसेच राहिले. उतरल्यावर दार उघडले तेव्हा फ्रिज ओट्यावर आडवा पडलेला होता, पिंपातले तांदूळ कुजले होते आणि सगळ्यावर एकाच रंगाचा चिखल होता. आम्ही आठ दिवस फावड्याने घर बाहेर काढत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांच्या गाद्या, कपाटे, अल्बम यांचे ढीग, आणि त्या ढिगांत कोणाचे काय ते ओळखू येत नव्हते.

त्यानंतर आमच्या घरात वस्तू फार कमी आहेत. पाहुणे कौतुक करतात, "किती सुटसुटीत ठेवलंय." ते कौतुक ऐकताना मला काय वाटते ते मी त्यांना सांगत नाही. आपण होऊन सोडणे आणि आपल्याकडून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्याच्याकडून एकदा गेले आहे त्याला "आता आपण होऊन सोड" असे सांगताना थोडे थांबावे. माझ्या जाऊबाईंचे तर उलटे झाले: पुरानंतर त्या प्रत्येक वस्तू दोन-दोन आणतात, आणि दुसरी वरच्या मजल्यावर ठेवतात.

पानशेतचा पूर आला त्या दिवशी, १२ जुलै १९६१ रोजी, सासूबाई विशी-एकविशीच्या असतील. "राहू दे, लागेल" हे कदाचित त्या दिवसाचे बोलणे असेल. त्यांना वस्तूंविषयी न विचारता त्या दिवसाविषयी विचारून पाहा. त्यांना सांगायचे नसेल तर त्या सांगणार नाहीत.

माळ्याखाली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आपण सांगितलेले करीत होते.

शिडीवाली ताई, पहिल्या आठवड्यात मालक नसलेल्या वस्तूंच्या नऊ पिशव्या निघाल्या. रोखपाल काका, ट्रंकेत समभाग नव्हते, पण सासऱ्यांच्या नावाची बावीसशे रुपयांची एक मुदत ठेव निघाली, १९९८ ची. ज्या सहकारी बँकेत ती होती ती मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. यजमान त्यामागे लागले आहेत आणि आनंदात आहेत. साड्यांच्या घड्यांत पाचशेच्या तीन नोटा मिळाल्या. त्या माझ्याच साडीत होत्या, हे येथे मोकळेपणाने लिहिते.

कृष्णाकाठ ताई, आपले उत्तर वाचून दोन दिवस काही सुचले नाही. मग एका संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंना विचारले. त्या चटकन बोलल्या, जणू इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते. मात्र जे बोलल्या ते मला अपेक्षित नव्हते. पुराचे त्यांना दुःख वाटत नाही असे त्या म्हणाल्या. दोन महिन्यांचा संसार, त्यात जाण्यासारखे होते काय? चार भांडी आणि एक आरसा. माणसे वाचली. त्यांच्या मनात राहिले ते त्यानंतरचे वर्ष. दोघे नवरा-बायको नातेवाइकांकडे एका खोलीत राहत होते आणि घरी कोणी पाहुणा यायचा झाला की परात मागायला शेजारी जावे लागे. शेजारीण द्यायची, पण देताना दरवेळी म्हणायची, "घासून आणा बरं का." सासूबाई म्हणाल्या, "मी न घासता कधी दिली होती?" आणि मटाराची शेंग इतक्या जोरात फोडली की दाणे खाली सांडले. एकसष्ट सालातली गोष्ट!

मग त्यांनीच सांगितले की पहिला पगारवाढीचा पैसा आला तेव्हा त्यांनी प्रथम परात घेतली, आणि पुढे एकाच्या दोन, दोनाच्या चार झाल्या, म्हणजे कोणाकडे मागायला नको आणि कोणी मागायला आले तर देता यावी.

दुसऱ्या दिवशी सगळी भांडी हॉलमध्ये मांडली. कथील-नवसागर यांनी सांगितल्याप्रमाणे टिचकी मारून पाहण्याचे काम सासूबाईंनी खुर्चीत बसून केले. आम्ही पितळ समजत असलेल्यांत तीन काशाची निघाली. काय ठेवायचे हे आम्ही विचारले नाही. कोणाला काय लागेल, असे विचारले. त्यावर त्यांनी अर्ध्या तासात वाटणी केली. मोठे तपेले आणि दोन पराती सोसायटीच्या गणपती मंडळाला, कारण दर वर्षी प्रसादाच्या वेळी तेथे धावपळ होते. देताना "घासून आणा" म्हणायचे नाही, अशी अट यजमानांकडून कबूल करून घेतली. एक घंगाळ नणंदबाईंना, कळशी भाचीला. पहिली परात, ज्यावर सासऱ्यांचे नाव आणि १९६३ साल आहे, ती आमच्याबरोबर नव्या घरी येणार. काशाची वाटीही येणार. उरलेल्यांपैकी २९ भांडी मोडीत गेली, ३८ किलो भरली. वजन होताना त्या दाराशी उभ्या होत्या आणि बंबाचा नळ काढला आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारले. त्या दिवशी त्या नेहमीइतक्याच जेवल्या.

अंकांची यादी यजमान अजून करीत आहेत. यादी करण्यासाठी अंक उघडतात आणि वाचत बसतात, त्यामुळे १९८५ च्या पुढे सरकलेले नाहीत. ब्लाउजपीस मोजले: ११४. शेजारच्या गल्लीत एक बाई कापडी पिशव्या शिवतात, त्यांनी सगळे आनंदाने नेले आणि त्यांतल्या दोन पिशव्या आम्हाला शिवून पाठवल्या.

टेम्पो येत्या शनिवारी सकाळी आठला यायचा आहे. श्रीखंडाच्या डब्यांपैकी झाकण न बसणारे १२ गेले. उरलेल्या १९ बद्दल सासूबाई दहावर आल्या आहेत, मी चारावर आहे.